आमच्या खारातलं हिरवं

सई आणि ओंकार,

तुम्हा दोघांना एकत्रच लिहिते आहे. प्रश्न ओंकारने विचारला असला तरी उत्तर सईलाही ठाऊक असायला हवं. फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर मी "बरी आहे, जेवले, थंडी पडली आहे" याच्या पुढे जात नाही, आणि तुमच्या सकाळच्या घाईत माझी संध्याकाळ मावत नाही. मार्गशीर्ष लागला आहे. आभाळ घासून ठेवलेल्या ताटासारखं स्वच्छ आहे. आणि ओंकारचं उत्तर माझ्याकडे राहिलेलं आहे. राहिलेली कामं मला स्वस्थ बसू देत नाहीत, हे तुमचा बाबा तुम्हाला सांगेलच.

सई, तुला कदाचित माहीत नसेल, म्हणून प्रश्न आधी सांगते. ओंकार आकाशातून काढलेल्या चित्रांवरून देशादेशातलं रान मोजतो. किती होतं, किती उरलं, कुठे वाढलं. दिवाळीनंतर त्याने मला पेणच्या खाडीची दोन चित्रं पाठवली. जुन्या चित्रात खाडीच्या कडेला फिकट तपकिरी चौकटी होत्या. नव्या चित्रात त्याच जागी एक गडद हिरवा डाग. त्याला फार आनंद झाला होता. म्हणाला, "आजी, सगळीकडे कमी होतंय आणि तुझ्याकडे वाढलंय." मग म्हणाला की यंत्राला पुरती खात्री नाही. ती झाडं आहेत, की उंच गवत, की कुणाची बाग, हे कुणीतरी प्रत्यक्ष उभं राहून पाहायला हवं. तू तिथेच आहेस, जाशील का?

मी हो म्हटलं, आणि गेले नाही. पाय दुखतात असं सांगत राहिले. पाय दुखतात हे खरं, पण जायचं टाळत होते ते त्यांच्यामुळे नव्हे. ते चित्र मी पाहताक्षणी ओळखलं होतं. तो हिरवा डाग म्हणजे आपलं शेत.

खार म्हणजे काय, हे तुमच्या बाबाने तुम्हाला कधी सांगितलं की नाही कोण जाणे. खाडीच्या दलदलीला बाहेरून मातीचा बांध घालायचा, भरतीचं पाणी बाहेर ठेवायचं, आतल्या जमिनीतलं मीठ पावसांनी धुऊन जाऊ द्यायचं, आणि मग तिथे भात लावायचं. त्या बाहेरच्या बांधाला आमच्याकडे बाहेरकाठा म्हणतात. त्यात एक दगडी दार असतं, उघाडी. तिच्यातून पावसाचं पाणी बाहेर सोडतात. एवढंच. एका बाजूला समुद्र, एका बाजूला भात, आणि मध्ये माणसाने थापलेला चिखल. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हे फार धाडसाचं वाटलं होतं. सासूबाईंना त्यात धाडस वगैरे काही दिसत नव्हतं. त्यांना बांध म्हणजे घराची चौथी भिंत.

तुमचे आजोबा त्या घरातले पहिले शिकलेले. त्यांना वनखात्यात मोजणीचं काम मिळालं होतं आणि लग्नानंतरच्या पहिल्याच थंडीत त्यांचा मुक्काम रोह्याच्या पलीकडच्या डोंगरात पडला. झाडं मोजायला थंडीच लागते. पावसात डोंगरात शिरता येत नाही, उन्हाळ्यात पानं झडून जातात आणि सगळी झाडं एकाच जातीची वाटू लागतात. मधले हे दिवस मोजणीचे. ओंकार, तू मागे म्हणाला होतास की तुम्हालाही याच महिन्यांतली चित्रं आवडतात, कारण ढग नसतात आणि पानं अजून असतात. ते ऐकून मी फोन खाली ठेवल्यावर बराच वेळ खिडकीशी उभी राहिले होते. मोजणारे जमिनीवरून आकाशात गेले, पण ऋतू तोच राहिला.

आजोबांची पद्धत साधी होती. साखळी टाकून डोंगराचा एक तुकडा आखायचा, आणि त्यातल्या प्रत्येक झाडाचा घेर छातीच्या उंचीवर टेपाने मोजायचा. टेप झाडाच्या मागून फिरवून आणायचा तर झाडाला कवेत घ्यावंच लागतं. त्यामुळे ते घरी आले की सदऱ्याच्या छातीवर सालीचा भुगा, चीक, बारीक मुंग्या. ऐनाचा वास वेगळा, किंजळीचा वेगळा. मी सदरे धुताना ओळखायला शिकले होते. राबासाठी फांद्या तोडून नेलेले ऐन त्यांना सगळ्यांत जास्त छळत. तुम्हाला राब माहीत नसेल. भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात, तिच्यावर पसरायला डोंगरातल्या फांद्या आणतात. मग ते झाड नुसतं खोड होऊन उभं राहतं. त्याला झाड म्हणून धरायचं का, यावर त्यांच्या कचेरीत वाद होत. आजोबा धरायचे. म्हणायचे, डोकं काढलं तरी छाती जागेवर आहे ना.

आता तू झाडं वरून पाहतोस, ओंकार. तुला फक्त डोकी दिसतात.

तर त्या थंडीत आजोबा डोंगरात आणि मी खाडीकाठच्या गावात, सासूबाई आणि यमूवन्सं यांच्याबरोबर. यमूवन्सं म्हणजे आजोबांची मोठी बहीण. नवरा लवकर गेला, माहेरी परत आली, आणि खाडीवर जगायला शिकली. चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, पकडण्यात तिचा हात धरणारं गावात कुणी नव्हतं. बाहेरकाठ्याच्या पलीकडे, खाडीच्या अंगाला, तिवर आणि कांदळाची दाट पट्टी होती. भरतीत अर्धी बुडणारी, ओहोटीत चिखलातून बोटांसारखी मुळं वर काढणारी झाडं. त्या मुळांत यमूवन्सं कोपरापर्यंत हात घालून बसायची. मी शहरातून आलेली, इंग्रजी घेऊन बी.ए. झालेली, पेणच्या शाळेत लागायच्या बेतात असलेली मुलगी. तिने पहिल्याच आठवड्यात माझे हात उलटेपालटे करून पाहिले होते आणि म्हणाली होती, "या हातांना चिंबोरी पण चावायची नाय गो. लाज वाटल तिला."

भातं झोडून झाली होती. घराघरातून पेंढ्याचा गोड, धुळकट वास येत होता. वालाच्या शेंगा भरू लागल्या होत्या. अशा निवांत दिवसांत अमावास्येच्या उधाणाने बाहेरकाठ्याला खांड पाडली. आधी माणूस उडी मारून ओलांडील एवढीच. पण खांड तशी राहत नाही. प्रत्येक भरती तिच्या कडा खात जाते. पुढच्या पौर्णिमेच्या उधाणाआधी ती बुजवली नाही, तर खारं पाणी सगळ्या शेतांत फिरणार आणि पुढची काही वर्षं भाताचं नाव नको. मधले भांगाचे दिवस, जेव्हा भरतीला जोर नसतो, तेवढेच हातात.

गावाची रीत होती, घरटी एक माणूस. ज्या घरचं माणूस बांधावर आलं नाही, त्या घराने पुढे बांधाच्या आत शेत करण्याचा हक्क सांगायचा नाही. कुणी बोलून दाखवत नसे, पण ते पाळलं जात असे. आजोबांनी निरोप पाठवला की साहेब सोडत नाहीत, पानं आहेत तोवर मोजणी उरकायची आहे. एरवी आमच्या घरून यमूवन्सं जाई. यंदा ती ओट्यावर पाय पसरून बसली आणि उठेना. कारण गावाने ठरवलं होतं की खांडीत भरायला बाहेरचा कांदळ तोडायचा. फांद्या, खोडं, मुळं, सगळं आत दडपायचं आणि वरून चिखल. डोंगरातून लाकूड आणायला वेळ नव्हता, आणि हे तर हाताशीच उभं होतं.

यमूवन्सं म्हणाली, माझ्या चिंबोऱ्यांची घरं मोडून बांध व्हायचा असंल तर माझा हात लागायचा नाय. बांधासाठी तो कांदळ उभा राहायला हवा, लाटा अडतात, असलं काही तिच्या मनात नव्हतं. तिला चिंबोऱ्यांचंच पडलं होतं. बाया येता-जाता तिला टोमणे मारत. एकीने विचारलं, यमे, भात खाशील का नुसती नांगी चघळशील. ती म्हणाली, नांगीच चघळंन. सासूबाई भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. मग त्यांची नजर फिरत फिरत माझ्यावर येऊन थांबली.

मी गेले.

ते दिवस मला अजून हातांत आठवतात, डोक्यात नव्हे. खाडीचा चिखल थंड असतो, काळा, आणि त्याला लोखंडासारखा वास येतो. ओहोटीला सुरुवात झाली की आम्ही रांगेत उभ्या राहायचो आणि गोळे हातोहात पुढे जायचे. माझ्या हातातून गोळे निसटायचे. पुढची बाई रिकामे हात पसरून थांबे आणि मागची हसे. "मास्तरीणबाय, चिखल पुस्तकासारखा धरू नको गो. पोरासारखा धर, पोटाशी." मी पोटाशी धरला आणि तो पडायचा थांबला. तेव्हा तुमचा बाबा जन्मलाही नव्हता, पण तो जन्मला आणि त्याला पहिल्यांदा उचललं, तेव्हा मला ते वाक्य आठवलं.

पुरुष पलीकडे कोयते चालवत होते. तिवर तुटताना खणखणीत आवाज होत नाही. ओल्या दोरासारखा आवाज होतो. झाडं ओढत आणून खांडीत टाकत, त्यांच्यावर नाचून ती दाबत, वर आमचा चिखल. भांगाच्या शेवटच्या ओहोटीत खांड मिटली. भरती आली, बांधाला लागली, आणि थांबली. सगळे पाहत उभे होते. मग एका म्हाताऱ्याने बांधावरून चालत जाऊन दाखवलं आणि सगळे हसायला लागले. त्या संध्याकाळी शेताच्या कडेला पोपटी लावली. मडक्यात भांबुर्ड्याच्या पाल्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा. मला सगळ्यांत आधी वाढलं. माझ्या नखांत अजून चिखल होता. इतक्या माणसांत आपण आहोत, असं मला त्यानंतर आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलं.

यमूवन्सं पोपटीला आली नाही.

आठवडा संपता संपता आजोबा आले आणि चहा न घेताच बांधावर गेले. मी मागून गेले. त्यांनी नव्या चिखलावर पाय दाबून पाहिला, मग पलीकडे पाहिलं. जिथे हिरवी पट्टी होती तिथे चिखलात नुसती थोटकं होती. उघाडीशेजारी एकच तिवर राहिलं होतं, बहुधा दगडांमुळे कोयता नीट बसला नसावा. त्यांनी विचारलं, किती तोडली? मी म्हटलं, कुणी मोजली नाहीत. त्यांच्या खिशात टेप होता. ते खाली उतरले, चिखलात पोटऱ्यांपर्यंत रुतले, आणि त्या तिवराला कवेत घेऊन घेर मोजला. मनगटाहून थोडं जाड खोड. मला त्या वेळी हसूच आलं. वर येऊन म्हणाले, डोंगरात असतं तर लिहिलं असतं. खाडीतल्या झाडाला रान म्हणत नाहीत.

घरी आल्यावर त्यांनी हे सासूबाईंना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "तू डोंगरातली मोज. खाडीतली चिंबोऱ्या मोजतील." यमूवन्सं आतून म्हणाली, "मोजायला ठेवल्यात कुठं?"

त्यानंतर शेत बरीच वर्षं टिकलं. तुमचा बाबा त्या बांधावर धावला आहे, शेतातल्या तळ्यातला जिताडा मासा खाऊन मोठा झाला आहे. पण बाहेरची पट्टी पुन्हा तशी उभी राहिली नाही; जळणाला जरा वाढलं की तुटे. लाटा थेट बांधाला लागू लागल्या. दर वर्षी डागडुजी वाढत गेली आणि माणसं कमी होत गेली. धाटावला कंपन्या आल्या, पोरं शिफ्टला जाऊ लागली. मागच्या पिढीने चिखल वाहिला ते पोरांनी चिखल वाहू नये म्हणूनच, तेव्हा त्यांना नावं कशी ठेवायची? तुमच्या बाबाला तर मीच शिकवून बाहेर पाठवलं. एका पावसाळ्यात उधाणाने पुन्हा खांड पाडली, आणि घरटी एक माणूस बोलावलं तर घराघरात म्हातारी तेवढी होती. सरकार बांधून देईल म्हणून वाट पाहिली. खांड रुंदावत गेली. आजोबा आणि मी तोवर पेणला राहायला आलो होतो; तिथून पाहायला गेलो तेव्हा आपल्या शेतात भरतीचं पाणी होतं, अगदी शांत, आरशासारखं. त्यांनी काठावरून पाहिलं आणि म्हणाले, चल.

निवृत्त व्हायच्या सुमारास त्यांना कचेरीत आकाशातून घेतलेलं पहिलं चित्र दाखवलं होतं. त्या चित्रात रान लाल रंगाचं होतं; अशा चित्रांत झाडी लालच दाखवत. घरी येऊन त्यांनी सदरा काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, आता झाडाला हात लावायची गरज नाही म्हणे. मी त्यांचा सदरा धुवायला घेतला. त्याला फक्त इस्त्रीचा वास होता.

ते गेल्यापासून हे घर मी जसंच्या तसं ठेवलं आहे. दोन खुर्च्या, एक वापरातली. सकाळी शेजारच्या कारखान्यात गणपती वाळत घालतात, पांढरे, अजून डोळ्यांची आखणी न झालेले. मी चहा घेत त्यांच्याकडे पाहते आणि ते माझ्याकडे पाहत नाहीत. हा काही तक्रारीचा सूर नव्हे. तुम्ही विचारता म्हणून सांगते, दिवस कसा जातो ते.

परवा शेवटी गेले. मुश्ताकची रिक्षा सांगितली. त्याचे दोन्ही भाऊ आखातात आहेत. तोही आईपाशी एकटाच. वाटेत त्याने विचारलं, एवढ्या लांब काय काम काढलंत, बाई? मी म्हटलं, परदेशातल्या नातवाने झाडं पाहून यायला सांगितलंय. तो आरशातून माझ्याकडे पाहून म्हणाला, "तिकडं झाडं नाहीत का?"

यमूवन्सं अजून आहे. गावातच चुलत भाच्याच्या घरी असते, ऐकू कमी येतं, पण बांधावर जायचं म्हटल्यावर काठी शोधायला लागली. दोघी एकमेकींना धरून गेलो. बांध बराचसा विरघळला आहे, उघाडीच्या बाजूचा तुकडा मात्र उभा आहे. त्याच्यावर चढून पाहिलं. ओंकार, चित्रात तो डाग हाताच्या नखाएवढा होता. इथे तो संपत नव्हता. आपल्या शेतात, शेजाऱ्यांच्या शेतात, दूर मिठागरांपर्यंत तिवरच तिवर, डोक्याहून उंच, आणि खाली चिखलात मुळांची बोटं. बगळे होते. वारा आला की पानांची मागची बाजू चांदीसारखी दिसायची. एक पान तोडून मी जिभेला लावलं. खारट. भात होतं तेव्हा मी इथे उभी राहून लोंब्या चावून पाहायची.

यमूवन्सं खाली पाहत होती. काठीने मला दाखवलं. मुळांच्या मध्ये एक बीळ, आणि त्याच्या तोंडाशी निळसर नांगी. म्हणाली, "बघ. माझ्या आल्या परत. तुमच्याच शेतात."

मी तिला सांगितलं की ओंकार मोजतोय, आणि त्याला कळवायचं आहे की हे रान आहे की नाही. ती काठीने चिखल उकरत राहिली. मला वाटलं ऐकू गेलं नाही. मी मनात म्हणत होते, नाही म्हणावं. हे शेत आहे, आपलं, त्यावर पाणी आलंय एवढंच. एकदा रान म्हणून लिहिलं गेलं की पुढे कोणी कधी विचारणार नाही, इथे आधी काय होतं. ओंकारच्या नकाशात गेलेल्याला एक रंग आहे आणि आलेल्याला एक. काय गेलं म्हणून काय आलं, याला रंग नाही. त्या नकाशावर हे गाव फक्त भाग्यवान दिसणार.

मग ती म्हणाली, "व्हय म्हण गो. त्या टायमाला माझं कुणी आयकलं नाय. आता लिव्हू दे त्याला."

तेव्हा ओंकार, हे माझं उत्तर. तिथे झाडं आहेत. गवत नाही, बाग नाही, कुणी लावलेली नाहीत. तिवर आणि थोडा कांदळ, दाट. तू हिरवा रंग दिलास तो बरोबर आहे, तसाच ठेव. तुझ्या कामात लिहायला जागा नसेल, म्हणून बाकीचं इथे लिहिलं. त्या हिरव्याच्या खाली भाताची खाचरं आहेत, आणि त्या बांधात त्याच झाडांचे आजी-आजोबा दडपलेले आहेत. वर बायांनी पोटाशी धरून आणलेला चिखल.

निघताना मी उघाडीपाशी उतरले. मुश्ताकने हात धरला होता. आजोबांनी मोजलेलं ते एक झाड मी शोधत होते, आणि शोधावं लागलं नाही. टेप माझ्याकडे नव्हता. मी छातीच्या उंचीवर त्याला कवेत घेतलं, तर माझे हात पलीकडे एकमेकांना पोचले नाहीत. पदराला सालीचा भुगा लागला, तो अजून झटकलेला नाही.

शेत राहिलेलं नाही. उघाडीचे दगड आहेत, बांधाचा एक तुकडा आहे, यमूवन्सं आहे, मी आहे. आणि ते तिवराचं झाड जागेवर उभं आहे.

तुमची,
आजी